मामाच्या पोटात जाळी, भाचीच्या दारी मांडव

हॅलो?… कोण, अक्का? बोला… हो, शिवकामीच बोलतेय. अहो, तुमचे भाऊ मस्त आहेत! सकाळी चार इडल्या खाल्ल्या, पाचवीसाठी भांडले… येणार ना, रविवारी मदुरैला लग्नाला नक्की येणार. नादस्वरम मात्र वाजवणार नाहीत.

…हो, हो… अहो, ऐका ना अक्का… सख्ख्या भाचीचं लग्न आहे, मला का ठाऊक नाही? पण हर्नियाचं ऑपरेशन होऊन आठवडासुद्धा नाही झाला!

…दुर्बिणीचं म्हणून काय झालं? भोकं तीनच, तीही चिमुकली, कबूल. दुसऱ्या दिवशी घरी आले, तिसऱ्या दिवशी देवळात जाऊन आले… पण आत जाळी बसवलीय ना! ती धरायला नको? डॉक्टरांनी बजावलंय, दीड महिना जोर लावून फुंकायचं नाही म्हणून.

…बाई गं, तुम्हीसुद्धा? अहो, निम्मं कुंभकोणम येऊन ह्यांचं पोट बघून गेलं. टाके दिसेनात म्हणून हिरमुसली माणसं! ह्यांच्या साथीला तविल बडवणारा विचारतो, 'वहिनी, ऑपरेशन खरंच केलं ना?'… मग काय तर! मोठी चीर असती तर कुणी 'वाजव' म्हटलं असतं का? आणि पोटात हवा भरतात, त्यानं दोन दिवस खांदा धरून ओरडत होते. ऑपरेशन पोटाचं, दुखतोय खांदा!

…रडू नका हो. मंगळसूत्र बांधताना परका माणूस वाजवणार, हेच ना? मलाही लागतंय ते. हे तर दोन दिवस नादस्वरम पुसून पुसून परत पेटीत ठेवताहेत…

थांबा, थांबा. मागच्या अंगणात नादस्वरम वाजतंय… अहोऽऽ! खाली ठेवा ते! जाळी सुटली म्हणजे—

…अगं बाई!

…नाही, हे नाहीत. हे पोटाशी उशी धरून ओट्यावर बसलेत, मांडीवर ताल देताहेत. वाजवतेय आमची तेनमोळी… शिकलीय की, दहा वर्षं बापाजवळ! चारचौघांत वाजवलं नाही एवढंच. आणि दोघांनी मला पत्ता लागू दिला नाही, बघा!

…मुलगी आहे तर काय झालं?… मंगळसूत्र बांधताना गट्टीमेळम घुमवायला दम लागतो, ठाऊक आहे मला. भटजींनी बोट वर केलं की मांडव दणाणायला हवा… अहो, आधी ऐका तर! फोन धरते तिकडे.

…अक्का?… ऐकू येतंय?… कसं वाजवतेय, सांगा ना…

काय?… खरंच? शपथ?… अहो, ऐकलंत का! अक्का म्हणताहेत, अभिरामीच्या मंगळसूत्राला तिची मामेबहीणच वाजवणार!… अगं, थांबू नकोस तू, आत्या ऐकतेय!…

ठेवते हं अक्का. हे हसताहेत, रडताहेत आणि पोट धरून 'आई गं, आई गं' करताहेत.