भाऊबीजेचा फोटो

—हां, त्यो फोटो आमच्याच ओटीवरचा, साहेब. पाटावर बसलाय त्यो माझा अक्षय, आनि ताट घेऊन उभी ती समीक्षा—आत्ता चहा ठेवायला गेली ना, तीच. भाची माझी. बसा ओ, टोलनाक्यापासनं उन्हाचं चालत आलात. तुमी चौकशीला येनार म्हनून अक्षयचा फोन आलेलाच. तिकडं न्यूझीलंडात तिथल्याच बाईशी लग्न केलंय म्हनल्यावर कायमचं ऱ्हाऊ द्यायच्या आधी त्यांचं सरकार इचारनारच की—घरी कोन, आधीचं लग्न हाय का. इचारा. आधीचं? नाय बा. सडाफटिंग गेला हितनं. आनि ती गोरी बी चांगली हाय, फोनवर मला हात जोडते. तिचा काय दोष? तिला बिचारीला काय ठावं—म्हंजे आपल्याकडच्या रीती काय ठाव्या, असं म्हनते मी.

समीक्षा हितंच ऱ्हाते, हो. आमचे मालक, आबाजी, लकव्यानं आडवे झाले तवापासनं तीच करते सगळं. दाढी करते, घास भरवते. खोपोलीच्या कंपनीतली नोकरी सोडली पोरीनं त्यापायी. भाची एवढं करते का? करते बाबा. पोटचा पोरगा फोनवर इचारतो, "बाबा जेवले का?"—की झालं त्याचं कर्तव्य!

मंगळसूत्र? हां... लग्न झालंय तिचं. नवरा परदेशात असतो. कुटं म्हंजे—लांब. दिवाळीला आलेला की! पाडव्याला लग्नातला शालू नेसून ओवाळलं हिनं त्याला, अशी फुलली व्हती पोर. आनि भाऊबीजेला म्हनतो कसा, आता बहीन म्हनून ओवाळ, तिकडं दाखवायला फोटो पायजे. त्याच पाटावर, साहेब! मी म्हनलं, अरं मेल्या, बायकूला बहीन करतोस? तर म्हनला, आई, कागदापुरतं गं, एकदा माझं तिकडं पक्कं झालं का हिलाबी नेतो. हिनं तोंड फिरवलं, फोटो बिघडला—तर पुन्यांदा ओवाळायला लावलं. गावासमोर मांडव घालून लावलं व्हतं लग्न. नोंदवायचं म्हनलं तर "नंतर बघू, नंतर बघू." आता कळतंय का ते नंतर!

...तुमी लिवताय काय? थांबा. भाची म्हनलं ना मी? खोडा ते बाकीचं. म्हातारीचं डोकं ठिकानावर नसतंय. त्याला हाकलून देतील ओ तिकडनं. कसा का असंना, पोर हाय माझं. आनि आता तर त्या गोरीला दिवस गेलेत, येत्या गनपतीत बाळ—

अगं. कवा आलीस दारात?

तुला सांगनारच व्हते गं. आज सांगू, उद्या सांगू... तू गेली असतीस तर ह्यांचं कोनी केलं असतं? तसं नको बघू. रड. मला शिव्या दे. आत तरी जा. आत जा म्हनते ना! साहेब, तुमी उठा आता, झालं सगळं. समीक्षा, खुर्ची कशाला वढतेस? साहेबांसमोर बसून काय—

बरं. बस. लिवा, साहेब, ती सांगल ते लिवा. मी नाय बोलत.