ऑफिसचे बूट

जनावरांच्या दवाखान्यात मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या निवृत्त ओव्हरसियरांच्या कानांवर शेजारच्या नवराबायकोचे बोलणे पडत होते. कुत्रा दोघांच्या मधोमध बसला होता.

"अहो, डॉक्टरांना काय सांगायचं?"

"सांग, बिघडलाय. पूर्वी मी ऑफिसचे बूट घातले की तोंड पाडून बसायचा. हल्ली तोंडात पट्टा धरून नाचतो."

"तुम्ही फिरायला निघालात असं वाटत असेल."

"अक्कल गहाण टाकलीये त्यानं. बूट तेच, बॅग तीच, डबा तोच!"

"पूर्वीची घाई नसते पण."

"म्हणजे?"

"उद्यापासून यालाही सोबत न्या. नोकरी गेल्यावर दिवसभर बागेत एकट्यानं बसायचं म्हणजे जड जातं माणसाला."

"तुला… कुणी सांगितलं?"

"यानंच. मी नुसती ऑफिसात फोन करून खात्री केली."