एक मासा जास्त

नाही ताई, एंजल मासा नको, या टाकीत नकोच — हो, दिसायला झकास आहे, म्हणूनच नको. हे निळे-पिवळे आफ्रिकन सिक्लिड संध्याकाळपर्यंत त्याचे पंख कुरतडून टाकतील. यांच्यात यांच्याच जातीचे सोडायचे, फार तर त्यांच्याच तळ्यातला हा मिशीवाला. गप्पी नाही, गोल्डफिश नाही. आणि दोनच नका नेऊ हां — दोनच असले की एक दुसऱ्याला मारतोच. टाकी भरून ठेवायची. गर्दी झाली ना, की दांडगटाला एकाच्याच मागे लागता येत नाही, मार वाटला जातो. आणि नवा मासा सोडायचा तर आधी आतले दगड हलवायचे, म्हणजे कुणाचीच जागा जुनी राहत नाही, सगळेच नवे. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या घरात साधी मांडणीसुद्धा कुणी हलवली नाही — जाऊ दे, तुम्ही मासे बघा.

चंदर? चंदर माझा धाकटा दीर. पण तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत. आणि मासे घ्यायला आलेलं माणूस वर माळ्यावर कोण कोण राहतं ते कशाला विचारेल? — तुम्ही त्या मरोळच्या अनुपमाच्या मावशी ना? अहो, लाजता काय, मुलगी द्यायची म्हणजे चौकशी करायलाच हवी, आणि आमच्या आईंनी अजून तुम्हाला बघितलं नाही तोवरच करायला हवी. चंदर चांगला आहे, खरंच, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. आई ना? आई बोलतात. म्हणजे मिठावरून बोलतात, मूल नाही म्हणून बोलतात, माहेरचं नाव काढलं की बोलतात — भाऊ मला न्यायला आला होता गौरीच्या सणाला, त्याला दारातूनच परत पाठवलं. आमचे हे? संपात गिरणी गेली तेव्हापासून हे ऐकतात आणि टाक्यांच्या काचा पुसतात. पण आता बरं होईल. अनुपमा आली की आम्ही दोघी होऊ. स्वयंपाक येतो ना तिला? नसेल येत तरी चालेल, नसेल येत तर बरंच, म्हणजे आई तिलाच —

काय बोलले मी?

तसं नव्हतं म्हणायचं. — नाही, तसंच होतं. स्थळ आल्यापासून रोज दिवा लावताना हेच मागते मी, ती लवकर येऊ दे, यातलं अर्धं तिच्या वाट्याला जाऊ दे. तिचं तोंडसुद्धा बघितलं नाही मी, ताई. कसली झालेय मी!

नका देऊ मुलगी. या घरात नका देऊ. मला विचारू नका माझं काय ते, मला कुठे जायला — जिना वाजतोय. आईच. हात सोडा माझा, सोडा.

— काही नाही ओ आई, गिऱ्हाईक आहे. काही घ्यायचं नाहीये त्यांना. चाललेत.