चाळीस प्लेटा

ताई: चोर आहेत तुझे वरचे लोक. खरेदी करणारे, शिक्के मारणारे, सगळे. मी रविवारी प्लास्टिकच्या छर्‍यांची लुटुपुटूची लढाई खेळते, तर माझ्या छातीवर गोळी अडवणारी खरी प्लेट. आणि तू खऱ्या गोळ्यांसमोर जातोस, तर तुझ्या छातीवर खेळणं!

धाकटा: तू माझ्या जॅकेटला हात लावलास?

ताई: लावला. जुन्या लष्करी सामानातून माझी प्लेट घेतली तेव्हापासून अशी कुठलीही वस्तू घरात आली की मी आधी वजन करते, तुला माहितेय. तुझी प्लेट माझ्या प्लेटपेक्षा अर्धा किलो हलकी भरली. माप तेच, नमुना तोच.

धाकटा: हलकी तर हलकी. ती घालून डोंगर चढून बघ एकदा. तुम्ही रविवारवाले चारला घरी येऊन पाय शेकता.

ताई: शेकते बाबा. पण शंका आली म्हणून ती एक्स-रे काढायला माझ्या दवाखान्यात नेली.

धाकटा: गुराढोरांच्या?

ताई: मशीनला काय कळतंय खाली म्हैस आहे की सैनिक? एका कुत्र्याची तंगडी झाली, मग तुझी प्लेट. ही फिल्म. उजेडात धर.

धाकटा: चौकोन दिसतायत.

ताई: सिरॅमिकच्या लाद्या आहेत त्या. लाद्या जोडूनही प्लेट करतात, पण मध्ये सुई शिरणार नाही इतक्या घट्ट. इथे बघ, काळी जागा. दोन बोटं जातील. तिथे लादीच नाही, नुसता डिंक आहे.

(तो फिल्म खिडकीच्या काचेला लावून काळ्या जागेवर दोन बोटं ठेवून बघतो.)

ताई: सोमवारी जाताना माझी घेऊन जा. वरून सारखीच दिसते, कोणाला कळणार नाही.

धाकटा: मला कळेल ना. तुकडीचं भांडार माझ्याकडे आहे, ताई. अशा चाळीस आल्या. 'तपासून घेतल्या', खाली सही माझी.

ताई: तपासल्या होत्यास?

धाकटा: मोजल्या होत्या.

ताई: गाढवा!

धाकटा: वरचे लवकर उतरवून घ्या म्हणाले, घेतल्या. आता तोंड उघडलं तर पहिला मीच अडकणार. त्यांची सही कुठेच नाही.

ताई: मग उघडू नकोस. मी तुझी बहीण आहे, न्यायाधीश नाही. माझी प्लेट ने आणि जिवंत परत ये.

धाकटा: आणि पोरांनी काय करायचं? काल एकाने साखरपुड्याचे फोटो पाठवले. त्याच्या अंगावर डिंक, माझ्या अंगावर तुझी प्लेट, आणि त्याला म्हणू, चल रे पुढे?

ताई: थांब, कागद आणते. तुझ्या वरच्या साहेबांनाच लिहू. तू सांग, मी लिहिते. तुझं अक्षर तुलाच लागत नाही.

धाकटा: 'महोदय, नम्र विनंती की'

ताई: विनंती बिनंती खोडते मी. रजा मागतोयस का?

धाकटा: बरं. 'चाळीस प्लेटा मी न तपासता घेतल्या. चूक माझी आहे. आता एक तपासली, तिची फिल्म सोबत जोडली आहे. उरलेल्या एकोणचाळीस मी कुणाच्याही अंगावर चढवणार नाही.'

ताई: नोकरी जाईल रे.

धाकटा: लिही गं. 'यातली एक स्वतःच्या छातीला बांधून आपण गोळीबाराच्या मैदानात उभे राहाल का? हो की नाही, एवढंच कळवा.'