दोन चकत्यांमधली जागा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेच्या बाई, आणि मघापासून चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी वेल्डिंगवाला माणूस. माझ्या हाती माईक देणं म्हणजे धाडसच! पण बाईंच्या निरोपाला मी नाही बोलायचं तर कोणी?

माझी नात जन्मली आणि दोन दिवसांत तापाने फणफणली. रक्तात जंतू. औषधांवर औषधं झाली, फरक ढिम्म नाही. मी तणतणत बाईंच्या खोलीत शिरलो. त्यांनी शांतपणे काचेची बशी पुढे धरली. "आजोबा, हे जंतू. ह्या औषधांच्या चकत्या. औषध लागू पडलं तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं." एकही वर्तुळ नव्हतं हो! मी म्हटलं, संपलं सगळं.

बाईंनी मात्र हाय खाल्ली नाही. आपल्यासारख्याच ओढाताणीत चालणाऱ्या कितीतरी देशांतल्या प्रयोगशाळांशी त्यांचं गूळपीठ. सगळीकडे त्यांनी निकाल कळवला. आणि समुद्रापलीकडून, जिथली भाषा मला ओ की ठो कळत नाही, तिथून उत्तर आलं: "हा जंतू आमच्या ओळखीचा आहे, आमच्याकडच्या एका बाळाच्या रक्तात सापडला होता. दोन जुनी औषधं आहेत. एकेकटी निकामी, पण जोडीने चालतात." दुसऱ्या दिवशी बाईंनी मला हाक मारली. नव्या बशीत दोन चकत्यांच्या मधली जागा लख्ख! मंडळी, उभा जन्म ठिणग्या पाहण्यात गेला माझा, पण अंगावर काटा आला तो त्या बोटभर जागेने.

पोर वाचली. मी म्हटलं, "बाई, त्यांच्याकडच्या बाळालाही माझा आशीर्वाद कळवा." बाई म्हणाल्या, "आजोबा, ते बाळ औषध सापडण्याआधीच गेलं. त्याची आई म्हणाली, जंतू टाकू नका, शोधत राहा. दुसऱ्या कुणाचं तरी वाचेल."

सांगा, कुठल्या मातीची असतात हो ही माणसं? पोटचं लेकरू गेलं, त्याच दिवशी ती माउली माझ्या नातीची काळजी करत होती. आणि माझी नात तेव्हा जन्मलीही नव्हती!

बाई, तुमचे आभार मानतो तेवढे थोडेच. संयोजकांचेही आभार. म्हाताऱ्याच्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. फक्त बाई, जाता जाता एक काम करा. ही बघा, नात पहिल्या रांगेत बसलीय, पुढचे दोन दात पडलेत. हिचा एक फोटो काढा, आणि त्या आईला पोचवा.