मांजराने लावलेला फोन

—नाही नाही, मी नाही लावला. मांजराने लावला. हसू नकोस, खरंच सांगतेय — म्हणजे हस बाई, हस, सहा वर्षांनी आवाज ऐकतेय तुझा, हसण्यानेच सुरुवात झाली तर बिघडलं कुठे? पण फोन मी नाही लावला. थोरल्या बहिणीला तू ओळखतेस, मोडेल पण वाकायची नाही. जमादाराने लावला. जमादार म्हणजे माझा बोका गं — दिवसभर या खोलीतून त्या खोलीत गस्त घालतो, म्हणून जमादार. काम मात्र शून्य. उंदीर समोरून गेला तरी हा पापणी हलवत नाही, उलट जरा सरकून वाट देतो.

तर झालं काय — दिवेलागणीलाच वीज गेली. मी मशीनवर, मांडीवर एक उसवलेला कोट — हो, अजून शिवते, न शिवून करू काय? दुकानवाला काज-बटणं पाठवतो, तेवढीच दाराला जाग. तर सगळीकडे अंधार गुडुप्प, उजेड काय तो टेबलावरच्या फोनचा. आणि खिडकीतून आला एक नाकतोडा — हिरवागार, बोटाएवढा — टुणकन उडी मारून बसला थेट फोनच्या काचेवर. मिशा काय हलवतोय, ऐट काय! जमादार चिंध्यांच्या ढिगात लोळत पडलेला, त्याचे कान एकदम उभे. जन्मात पहिल्यांदा. पोट घासत, शेपटी हलवत निघाला — मी श्वास धरून बघतेय, म्हटलं आज याच्या हातून काहीतरी घडणार — टेबलावर चढला आणि हाणला पंजा! नाकतोडा उडाला तो थेट साहेबांच्या नाकावर. मग काय, शिकारी पुढे आणि शिकार पाठीमागे. मशीनखाली जाऊन बसलाय अजून, नाक चाटत. आणि तो पंजा पडला होता नेमका फोनच्या हिरव्या खुणेवर. वाजायलाच लागली ना घंटी. मी बंद करणारच होते, बोट पुढे केलं होतं — पण तू लगेच उचललास. पहिल्याच घंटीला उचललास गं.

काय? हो... नंबर पडद्यावर होता म्हणून तर लागला. होता, असेल. मी दुकानवाल्याचा शोधत होते, त्याच्या शेजारीच तुझा — नाही, शेजारी कसा असेल. तू काय वकील झालीस का मधल्या काळात? बरं, होता उघडा. रोज असतो. काम आवरलं की उघडते, नाव बघते, ठेवून देते. आज अंधार होता म्हणून जरा जास्त वेळ — तो पडदा विझायला लागला की बोट लावायचं, की पुन्हा नाव दिसतं. विझायला लागला की पुन्हा बोट. इतकंच. त्यात काय एवढं? त्या उजेडालाच तर तो मेला नाकतोडा आला.

ठेवू नकोस हं इतक्यात. आहेस ना?

हे बघ — आई गेली त्या दिवशी मी जे बोलले. तू बॅग घेऊन दारात, माणसं बसलेली, आणि मी म्हटलं, 'पाहुण्यांना पाणी द्या रे कुणीतरी.' आईचं हगणं-मुतणं चार वर्षं मी काढलं आणि ही बाई परीटघडीचे कपडे घालून येते, आईने डोळे मिटल्यावर — असं डोक्यात. खोटं कशाला सांगू, पुढे वर्षभर मला ते वाक्य आवडायचंसुद्धा. काय तोडून बोललो आपण! पण तू पाण्याला हात लावला नाहीस. आत आईपाशी जाऊन बसलीस आणि तशीच निघून गेलीस. तो पेला मीच ओतला मग मोरीत. चुकलं माझं. आईच्या घरात तुला पाहुणी म्हणणारी मी कोण? — झालं. बोलले एकदाचं.

तर येतेस का? एक दिवस. अर्धा दिवस ये. नाही गं, तब्येतीला काय धाड भरलीय, ठणठणीत आहे. एकटी? एकटी कसली, हा आहे की — आता तो बोलत नाही ही गोष्ट वेगळी. कधी कधी सकाळपासून कुणाशी एक शब्द नसतो झालेला, मग संध्याकाळी याला दोन शिव्या हासडते, आवाज फुटतो की नाही ते बघायला. फुटतो. अजून फुटतो. काय म्हणालीस?

'बघते.' हं. बघ ना. तुझंही घर आहे, नातवंडं आहेत, गुडघे आहेत. नाही, समजावू नकोस, 'बघते' म्हणजे काय ते मला कळतं — नको त्या गिऱ्हाइकाला मीही जन्मभर 'बघते हं' म्हणूनच वाटेला लावलंय. राग नाही. माझा राग कधीच संपला, तुझाही संपेल, नाही संपला तरी चालेल.

दिवे आले बघ. चल, कोट सकाळी द्यायचाय. ठेव तू. — नाही, तूच ठेव. थोरली सांगतेय ना, ऐकावं. ठेव गं बाई. माझ्याच्याने नाही व्हायचं ते.