वडिलांच्या वेळी लावलेला शब्द

मी, खाली सही करणारी, वय चोपन्न, धंदा सरकारी दवाखान्यातील कॅन्टीन चालवणे, राहणार पाण्याच्या टाकीमागची गल्ली, पहिला मजला, पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायांनी येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझा एकुलता एक मुलगा राहत होतो. मुलगा सव्वीस वर्षांचा असून टायरच्या दुकानात कामाला होता. बेकरी जाळल्याच्या गुन्ह्यातील आरोपी तोच आहे. मला कोणी पढवलेले नाही. पढवायला आले होते, त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

माझे पती बसचालक होते. तीन वर्षांपूर्वी एका माणसाने बसस्थानकात स्फोट घडवला, त्यात ते गेले. तो माणूस बाहेरून येऊन आपल्या गावात राहिलेल्या लोकांपैकी होता. आमच्या लोकांवर अन्याय झाला, आता तुम्हीही सुखाने जगू नका, असे त्याचे म्हणणे होते. पतींचा देह मला दुसऱ्या दिवशी मिळाला, पण ते दहशतवादाचे बळी असल्याचे त्याच संध्याकाळी जाहीर झाले होते. तेव्हा हा शब्द लावायला कोणाला डोके खाजवावे लागले नाही. याबद्दल माझी तक्रार नाही, शब्द बरोबरच होता. चौकात त्यांचा फोटो लागला, त्याच्याखाली तोच शब्द ठळक अक्षरांत होता. अजूनही आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बेकरी आहे, म्हणजे होती. बेकरीवाले त्या बाहेरून आलेल्या लोकांपैकीच. कॅन्टीनचा पाव मी पहिल्यापासून त्यांच्याकडून आणत असे. स्फोटानंतर गल्लीने त्यांच्याकडे जाणे सोडले, मी सोडले नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांना माझ्याकडे बघवेना. खाली मान घालून त्यांनी पाव बांधून दिला. स्फोट झाला त्या वेळी हा माणूस भट्टीसमोर उभा होता एवढी अक्कल मला होती. मुलाला हे खपत नसे. बाबांना मारणाऱ्यांच्या हातचं लोकांना खायला घालतेस, असे तो म्हणे. मी म्हणे, मग तू पहाटे उठून भाजून दे, तुझ्या हातचं घालते. यावर तो ताट सारून उठून जाई.

माझे दीर गावातल्या एका संघटनेचे काम करतात. बाहेरच्यांनी गाव सोडावे, असे संघटनेचे म्हणणे आहे. पतींच्या पहिल्या स्मृतिदिनी दिरांनी माझ्या मुलाला व्यासपीठावर नेऊन वडिलांचा फोटो हातात दिला. टाळ्या खूप पडल्या. त्यानंतर तो टायरच्या दुकानात कमी आणि संघटनेच्या कार्यालयात जास्त असे. बापाविना पोरगा चुलत्याच्या मागे फिरतोय तर फिरू दे, असे मला वाटले.

मंगळवारी सकाळी मी पाव आणायला निघाले असता मुलगा उठून बसलेला होता. एरवी त्याला दहा वाजता गदागदा हलवावे लागते. तो म्हणाला, "आई, आज तू नको जाऊस. पाव मी आणतो. तू सरळ कॅन्टीनला जा." त्याने दाढी केलेली होती. चहा पिऊन कप विसळून ठेवला. खिळ्यावरची पिशवी घेतली. ठाण्यात मला दाखवलेली अर्धवट जळालेली खाकी पिशवी तीच आहे. पतींच्या जुन्या पँटची मी शिवली होती, शिलाई ओळखते. मी खूश झाले. पोरगा ताळ्यावर आला असे वाटून जिन्यात शेजारणीला तसे सांगितलेही.

पुढचे मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. वरच्या मजल्यावरच्या आजींनी सांगितले ते असे. त्या बेकरीच्या पायरीवर असताना मुलाने त्यांचा हात धरून त्यांना खाली उतरवले व "आजी, आज पाव नाही, घरी जा" असे सांगितले. मागून येणाऱ्या मास्तरांनाही त्याने परत पाठवले. आपल्यातला एकही जण आत नाही हे बघून त्याने शटर ओढले, कडी घातली आणि खालच्या फटीतून पिशवीतल्या बाटलीतले पेट्रोल ओतून पेटवले. मग गल्लीच्या मधोमध उभे राहून, बाकीच्यांनी उद्यापर्यंत घरे रिकामी करावीत, असे तो ओरडला. बेकरीवाले व त्यांचा मेहुणा आत होते.

येथे हवालदारांनी "रागाच्या भरात" असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. रागाच्या भरातल्या माणसाने आधी त्या आजींना बाजूला काढले नसते.

मी कॅन्टीनमध्ये पावाची वाट बघत मुलाच्या नावाने बोटे मोडत होते. तेवढ्यात भाजलेल्या दोघांना आणले. बेकरीवाल्यांची बायको बाहेरच्या बाकावर येऊन बसली. तिला मी चहा दिला, पाठीवर हात ठेवला. शॉर्टसर्किट झाले का, असे विचारले. तिने कप न पिताच बाकावर ठेवला. मग वॉर्डातल्या मावशींनी मला आत ओढून नेऊन सांगितले. मी परत आले तेव्हा बाक रिकामा होता. चहा तसाच होता. तो कप मीच विसळला. बेकरीवाले दुपारी गेले. मेहुण्याचे दोन्ही हात गेले आहेत.

त्याच संध्याकाळी संघटनेने हात झटकले. हा मुलगा आमचा नव्हे, तो माथेफिरू होता, असे छापून आले. व्यासपीठावर फोटो घेऊन उभा होता तेव्हा माथेफिरू नव्हता. दीर घरी आले. पोरगा बाप गेल्यापासून डोक्याने ठीक नव्हता, रात्री बडबडायचा, असे सांग, बाकीचे आम्ही बघतो, असे ते म्हणाले. त्याच्यावर दया येऊन म्हणताय की स्वतःवर, असे मी विचारले. ते चप्पल घालून निघून गेले.

ठाण्याचे साहेब माझ्या पतींचे मित्र होते. तेही मला घरी येऊन भेटले. हे लिहू नका, असे साहेब आता म्हणाले. लिहा, असे मी म्हणाले. हवालदारांनी दोघांकडे बघितले व लिहिले. साहेबांनी मला समजावले की मुलगा आजारी ठरला तर काही वर्षे उपचार होऊन घरी येईल. दहशतवादाचे कलम लागले तर तुमच्या हयातीत येणार नाही. "वहिनी, एकच वाक्य द्या. त्या वेळची गोष्ट वेगळी होती, हा आपल्यातला पोरगा आहे." वेगळी कशी तेवढे जबाबात लिहा, असे मी म्हटले. त्यांनी लिहून दिले नाही.

मुलगा कधीही डोक्याने आजारी नव्हता. कोणत्याही डॉक्टरकडे कधी नेलेला नाही. काल कोठडीत त्याला भेटले. त्याने विचारले, "तू त्या बाजूला गेली नव्हतीस ना? मला सारखी तीच धाकधूक होती." आईला वाचवायचे कसे हे ज्याला कळत होते, त्याला मारतोय कोणाला हेही कळत होते. गल्लीतली त्या लोकांची घरे दोन दिवसांत बंद झाली. ज्यांना कोणी हात लावला नाही तेही निघून गेले. त्याला तेच हवे होते, आणि ते झाले. बसस्थानकातल्या माणसालाही तेच हवे होते. नंतर वर्षभर मी बसमध्ये चढले नाही.

त्याला मी जन्म दिला आहे. तो घरी यावा असे मला रात्रंदिवस वाटते, हे नाकारत नाही. तरी माझ्या पतींना मारणाऱ्याला जो शब्द लावला, तोच माझ्या मुलाला लावावा. नाही तर चौकातल्या फोटोखालचा शब्द पुसून टाकावा.

(येथून पुढे माझ्या हातचे अक्षर.) जबाब साहेबांनी मला वाचून दाखवला. शेवटच्या परिच्छेदाला आल्यावर ते थांबले, पाणी प्याले आणि तो सोडून, सही करा म्हणाले. तेवढे मी मोठ्याने वाचले. बाहेर दीर बसले होते, त्यांनाही ऐकू गेले असेल. आता जबाब पूर्ण आहे, माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. सही केली.